अपत्यहीनता आणि पुरुषांची जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी भर घालून लिहिले आहे.)



पालक-मेळाव्यात बोलण्याचे विषय ठरलेले असतात. मुलांचा अभ्यास, हातातला मोबाईल, दहावीनंतरची वाट, मुलींचे पुढील शिक्षण. आज मला यांपैकी कोणत्याही विषयावर बोलायचे नाही. ज्या विषयावर बोलायचे आहे त्याचे नाव ऐकून काहींच्या भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे. विषय आहे पुरुषांचे वंध्यत्व. मी आपली परवानगी मागतो आणि भाषेची मर्यादा कोठेही सोडणार नाही असा शब्द देतो.

हे काम डॉक्टरांचे, मास्तरांचे नव्हे, असे कोणी म्हणेल. मी डॉक्टर नाही. मराठी आणि इतिहास शिकवणारा एक साधा बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. परंतु आपल्या महाराष्ट्रात या विषयाची कोंडी फोडली ती एका शिक्षकानेच. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. या कार्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांची सगळी मते आपल्याला पटतील असे नाही, मलाही पटत नाहीत. पण शरीराविषयी शास्त्रीय माहिती सांगणे म्हणजे असभ्यपणा नव्हे, ही गोष्ट त्यांनी किंमत मोजून आपल्याला शिकवली. तेवढ्याच आधारावर मी आज उभा आहे.

प्रथम भाषेपासून सुरुवात करतो, कारण तो माझा विषय आहे. ‘वांझ’ हा शब्द आपण सर्वांनी ऐकला आहे. आपल्या घरच्या बोलीत ‘बांझ’ म्हणतात. बाई वांझ असते, गाय वांझ असते, जमीनसुद्धा वांझ असते. पण ‘तो वांझ आहे’ असे वाक्य पिंपळगावच्या बाजारात आपण कधी ऐकले आहे काय? पुरुषासाठी आपल्या बोलीत हा शब्दच नाही. जे शब्द आहेत ते शिवीसारखे आहेत आणि त्यांचा अर्थही वेगळा आहे. ते पुरुषाच्या संबंधक्षमतेविषयी आहेत, अपत्यक्षमतेविषयी नव्हेत. या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. धट्टाकट्टा, संसार नीट करणारा, दिवसभर मार्केट यार्डात टोमॅटोचे क्रेट उचलणारा माणूसही अपत्यक्षम नसू शकतो, आणि ते त्याला स्वतःला कळतही नाही. कारण बाहेरून काही दिसत नाही आणि दुखतही नाही. ज्या गोष्टीला भाषेत शब्द नाही ती गोष्ट अस्तित्वातच नाही असे आपण धरून चालतो. मग मूल होत नाही म्हटले की बोट एकाच दिशेला वळते.

वास्तविक स्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे १७.५ टक्के, म्हणजे दर सहांपैकी एकाला, आयुष्यात केव्हा ना केव्हा अपत्यहीनतेचा अनुभव येतो. मूल न होणारी जोडपी घेतली, तर त्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडे काही ना काही कारण सापडते. कधी एकट्या पुरुषाकडे, कधी दोघांकडेही. म्हणजे बाईची सगळी तपासणी करावयाची आणि पुरुषाला वगळावयाचे हे अर्धा पेपर न तपासता निकाल लावण्यासारखे आहे. असा निकाल मी शाळेत लावला तर तुम्ही मला शाळेच्या दारात उभे करणार नाही.

आता हे घडते कसे ते सोप्या शब्दांत पाहू. १६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक नावाच्या एका कापड व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्याचा थेंब पाहिला आणि त्यात त्याला हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसले. तेच शुक्राणू. ते अंडकोषातील वृषणग्रंथींत तयार होतात. एक शुक्राणू तयार होण्यास साधारण ७४ दिवस लागतात आणि पुढे परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत एकूण सुमारे तीन महिने जातात. हा तीन महिन्यांचा हिशोब नीट लक्षात ठेवा. आपण द्राक्षाच्या मुलखातली माणसे आहोत. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीच्या डोळ्यात घडाचे बीज धरते, पण घड डोळ्यांना दिसतो तो ऑक्टोबर छाटणीनंतर. उन्हाळ्यात काडीची आबाळ केली तर हिवाळ्यात नुसत्या औषधाने घड येत नाही. पुरुषाच्या शरीराचेही तसेच आहे. आजच्या तपासणीत दिसते ते तीन महिन्यांपूर्वीच्या परिस्थितीचे फळ असते. मागे मोठा ताप येऊन गेला असेल तर आजचा अहवाल वाईट येऊ शकतो आणि पुढचा आपोआप सुधारू शकतो. उलट आज तंबाखू सोडली तर उद्या फरक दिसणार नाही, काही महिने धीर धरावा लागेल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. शुक्राणू तयार होण्यासाठी शरीराच्या उष्णतेपेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी उष्णता लागते. म्हणूनच निर्मात्याने ही ग्रंथी पोटात न ठेवता शरीराबाहेर पिशवीत ठेवली. काही मुलगे जन्मतात तेव्हा एक किंवा दोन्ही ग्रंथी पोटातून खाली उतरलेल्या नसतात. पुष्कळांत त्या पहिल्या काही महिन्यांत आपोआप उतरतात. सहा महिन्यांपर्यंत उतरल्या नाहीत तर शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात व्हावी असे शास्त्र सांगते. मातांनो, बाळाला न्हाऊ घालताना तुमच्या लक्षात आले तर ‘मोठा झाला की होईल’ म्हणून थांबू नका. वीस वर्षांनंतरचे एक दुःख त्या दिवशी टळू शकते.

आता विद्यार्थी मित्रांसाठी दोन गोष्टी. पहिली अशी की, ऐन वाढीच्या वयात अंडकोषात एकाएकी तीव्र वेदना सुरू झाली, सोबत मळमळ किंवा उलटी झाली, तर ती ग्रंथी देठाला पीळ पडून गुदमरलेली असू शकते. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर ती बहुधा वाचते. उशीर झाला तर काढून टाकावी लागते. मुले लाजेपोटी रात्रभर कण्हत पडतात आणि सकाळी सांगतात. तसे करू नका. अब्बांना सांगायची लाज वाटत असेल तर अम्मीला सांगा, नाहीतर मला फोन करा, मी रात्री दोन वाजतासुद्धा दवाखान्यात येईन. दुसरी गोष्ट व्यायामशाळेची. झटपट दंड फुगविण्यासाठी काही मुले पुरुषी संप्रेरकाची, टेस्टोस्टेरॉनसारख्या स्टिरॉइडची, इंजेक्शने घेतात. बाहेरून असे संप्रेरक मिळू लागले की मेंदू वृषणांना काम करण्याचा हुकूम देणे थांबवतो आणि शुक्राणूंची निर्मिती जवळजवळ बंद पडू शकते. सोडल्यावर ती पूर्ववत होण्यास कित्येक महिने, कधी दोन वर्षेही लागतात. पुरुषत्व वाढविण्यासाठी घेतलेले औषध असा उलटा घाव घालते.

गालगुंडाचेही असेच. लहानपणी झालेला हा आजार बहुधा काही मागे न ठेवता जातो. वयात आल्यानंतर तो झाला तर दर तीन-चार-पाच रुग्णांपैकी एकाच्या अंडकोषाला सूज येते आणि काहींच्या अपत्यक्षमतेला त्याने धक्का बसतो. या आजारावर लस आहे. तिच्याविषयी मुलांच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

आता आपल्या कामधंद्याकडे वळतो. आपल्यापैकी कितीतरी जण बागेत फवारणीला जातात, कोणी बेकरीच्या भट्टीपुढे उभे असतात, कोणी मुंबई-आग्रा रस्त्यावर ट्रक चालवतात. भट्टीची आणि इंजिनाची आच वर्षानुवर्षे अंगावर घेणाऱ्यांत शुक्राणूंवर परिणाम झाल्याचे काही अभ्यासांत आढळले आहे. काम सोडा असे मी म्हणत नाही, ते शक्यही नाही. पण मध्ये मध्ये उठणे, सैल सुती कपडे घालणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

फवारणीची गोष्ट जास्त गंभीर आहे. जमिनीतील सूत्रकृमी मारण्यासाठी डायब्रोमोक्लोरोप्रोपेन नावाचे एक औषध अमेरिकेत वापरले जाई. द्राक्षबागांतही ते वापरीत. १९७७ साली कॅलिफोर्नियातील लॅथ्रॉप येथील ते औषध तयार करणाऱ्या कारखान्यातील कामगारांच्या आपसातील बोलण्यात एक गोष्ट आली. या विभागात काम करणाऱ्या कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही! त्यांनी तपासणीचा आग्रह धरला. अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प होते, काहींत एकही नव्हता. पुढे मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांत राबणाऱ्या हजारो मजुरांचीही तीच कहाणी उघडकीस आली. १९७९ मध्ये अमेरिकेने त्या औषधावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली. संपर्क थांबल्यावर काहींची क्षमता परत आली, काहींची कधीच आली नाही. बंधूंनो, यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हा शोध प्रथम डॉक्टरांनी लावला नाही. कामगार एकमेकांशी मोकळेपणी बोलले म्हणून तो लागला. ते गप्प बसले असते तर प्रत्येकाने आपापल्या घरी बायकोलाच दोष दिला असता.

आपल्या बागांत डावणी-भुरीसाठी आज जी औषधे मारतात ती सगळी तसलीच असतात असा याचा अर्थ नव्हे. पण अंगात बनियन, तोंडाला रुमाल आणि उघड्या हातांनी औषध कालविणे ही पद्धत बंद झाली पाहिजे. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरावेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. काम संपताच साबणाने आंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. बागमालकांनीही मजुराला हे साहित्य द्यावे. तो खर्च नव्हे, फर्ज आहे.

इतका वेळ मी परक्याच्या गोष्टी सांगितल्या. आता स्वतःची सांगतो. ही सांगण्यास पत्नीची संमती घेतली आहे. खरे तर तिनेच मला येथे उभे केले आहे.

आमच्या लग्नाला सात वर्षे झाली. दुसऱ्या वर्षापासून नातेवाईक विचारू लागले. विचारणा नेहमी तिच्याकडेच होई. तिची रक्ततपासणी झाली, सोनोग्राफी झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला. त्या दिवशी ती दवाखान्यातून रिक्षात बसून घरी येईतो वेदनेने रडत होती. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रियाही झाली. प्रत्येक वेळी अहवाल चांगला. मन्नती झाल्या, दर्ग्यांवर चादरी चढल्या, कोणी काढा सांगितला, कोणी तावीज. ज्या दवाखान्यात आम्ही जात होतो तेथे माझ्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली होती. ती चिठ्ठी मी खिशात ठेवली आणि घरी सांगितले की, ‘डॉक्टर म्हणाले, माझ्या तपासणीची जरूर नाही.’

हे खोटे होते. मी शिक्षक, वर्गात मुलांना खरे बोलण्याचा धडा देणारा, चार वर्षे हे खोटे बाळगून राहिलो. कारण एकच, भीती. अहवालात काही निघाले तर लोक काय म्हणतील, शाळेत मुले काय म्हणतील, ही भीती. त्या चार वर्षांत माझ्या भीतीची किंमत दुसरेच माणूस मोजत होते. एका अकीक्याला आम्ही गेलो होतो. पत्नीने कौतुकाने बाळाला मांडीवर घेतले. एक वयस्कर बाई आल्या आणि काही न बोलता बाळ उचलून घेऊन गेल्या. पत्नीने मांडीवरची ओढणी नीट केली आणि तशीच बसून राहिली. मी समोर पुरुषांच्या पंगतीत जेवत होतो. मला ते दिसले. मी जेवण चालू ठेवले.

त्या रात्री झोप लागली नाही. आठवडाभराने नाशिकला जाऊन मी तपासणी करून घेतली. शुक्राणूंची संख्या एका मिलिलिटरला फक्त ४० लाख. दुसऱ्यांदा केली, तेच. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषातील रक्तवाहिन्या फुगलेल्या. हा विकार सुमारे पंधरा टक्के पुरुषांत असतो आणि ज्यांना मूल होत नाही अशा पुरुषांत त्याचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक आढळते. म्हणजे पुरुषांतील सर्वांत अधिक आढळणारे आणि शस्त्रक्रियेने पुष्कळदा सुधारणारे कारण माझ्याजवळ होते, आणि मी चार वर्षे पत्नीला तपासत होतो.

घरी येऊन मी आधी पत्नीला सांगितले, चिठ्ठीसकट. ती रागावली नाही असे मी म्हणणार नाही. ती रागावली आणि तो तिचा हक्क होता. मग अम्मीसमोर उभा राहून म्हणालो, ‘अम्मी, कारण माझ्याकडे आहे. तिच्यात काही नाही.’ अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि सुनेच्या हातातले लाटणे तिने आपल्या हातात घेतले. त्या दिवशीच्या रोट्या अम्मीने केल्या. त्यानंतर आमच्या घरात तो विषय टोमण्याने निघाला नाही.

शस्त्रक्रिया झाली. संख्या ४० लाखांवरून ९० लाखांवर आली. मूल अद्याप झालेले नाही, उपचार चालू आहेत. पुढे काय होईल हे अल्लाहच्या हाती. शेवट गोड झाल्यावर भाषण करावे असे काही हितचिंतकांनी सुचविले. मला ते पटले नाही. मूल झाल्यावर सांगितले असते तर ती फुशारकी झाली असती.

आता तपासणीविषयी. ती काही शे रुपयांत होते. इंजेक्शन नाही, भूल नाही, एक थेंब रक्त नाही. दोन ते सात दिवस संयम पाळून नमुना द्यावयाचा आणि तो एका तासाच्या आत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत किमान मर्यादा अशा दिल्या आहेत. वीर्य १.४ मिलिलिटर, शुक्राणू दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के आणि आकाराने निर्दोष ४ टक्के. ‘फक्त ४ टक्के’ वाचून कोणी घाबरू नये. मूल झालेल्या पुरुषांच्या तपासण्यांवरूनच हे आकडे काढले आहेत. याच्या थोडे खाली असणे म्हणजे मूल होणारच नाही असे नव्हे, आणि वर असणे म्हणजे हमी नव्हे. एक अहवाल वाईट आला तर दुसरा केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

केव्हा जावे? लग्नानंतर कोणतेही संततिनियमन न करता एकत्र राहून एक वर्ष झाले आणि गर्भ राहिला नाही तर दोघांनी एकाच वेळी जावे. पत्नीचे वय पस्तीसच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनी जावे. आधी पुरुषाची साधी तपासणी, मग स्त्रीच्या अवघड तपासण्या, असा क्रम ठेवला तर किती वेदना आणि किती पैसा वाचेल!

उपचार आहेत. कोठे नळी बंद असेल तर ती उघडता येते. मेंदूतून येणारी संप्रेरके कमी असतील तर इंजेक्शनांनी चांगला गुण येतो. काही कारणे जन्मजात गुणसूत्रांतील असतात, ती बदलता येत नाहीत, पण निदान माहीत होतात आणि निष्फळ खर्च थांबतो. यापुढचा मार्ग प्रयोगशाळेत गर्भधारणा करण्याचा. जगातील पहिले असे बाळ २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये जन्मले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून आपल्या देशात बाळ जन्मले. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांची अवहेलना झाली आणि १९८१ साली त्यांनी जीवन संपविले. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी जन्मलेले बाळ देशातील पहिले म्हणून नोंदले गेले. मोठेपणा असा की, मुखोपाध्यायांची कागदपत्रे पाहिल्यावर पहिला मान त्यांचा आहे हे डॉ. आनंद कुमार यांनी स्वतःच १९९७ साली जाहीर केले. आपल्या यशातला वाटा दुसऱ्याला देणारा हा मोठा माणूस विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

१९९२ साली ब्रुसेल्स येथील संशोधकांनी एकच शुक्राणू सुईने स्त्रीबीजात सोडण्याची पद्धत यशस्वी केली. पूर्वी कोट्यवधी लागत, आता एक निरोगी शुक्राणूही पुरतो. ज्यांच्या वीर्यात एकही दिसत नाही अशांपैकी काहींच्या वृषणातून तो मिळविता येतो. हा उपचार महाग आहे आणि प्रत्येक वेळी यश येत नाही, हे आधीच समजून घ्यावे. अशी केंद्रे २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेली असावी लागतात. नोंदणी पाहिल्याखेरीज पैसे भरू नयेत. रस्त्याच्या कडेला भिंती रंगवून ‘खात्रीशीर इलाज’ सांगणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नये. पौरुष वाढविण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे आपल्या धर्मात बसते का, असे काही बुजुर्ग विचारतात. प्रश्न योग्य आहे. १९८० साली इजिप्तचे मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी फतवा दिला. विवाह कायम असताना पतीचेच शुक्राणू आणि पत्नीचेच बीज असेल तर हा उपचार जायज आहे, तिऱ्हाईताचे बीज चालणार नाही. तपशिलासाठी आपल्या आलिमांना विचारावे. पण उपचार करणे म्हणजे तकदीरशी भांडणे नव्हे. हजरत इब्राहीम आणि हजरत झकरिया यांनी म्हातारपणी औलादीसाठी दुआ केली होती, आणि म्हणून त्यांची नबुवत कमी झाली नाही. अल्लाह कोणाला मुली देतो, कोणाला मुलगे, कोणाला दोन्ही, कोणाला काहीच देत नाही, असे कुराण सांगते. त्यात बाईला दोषी कोठे ठरवले आहे?

आणि दुसरे लग्न? स्वतःची तपासणी न करता मूल होत नाही म्हणून दुसरी आणणारे मी पाहिले आहेत. मग दुसरीलाही होत नाही. दोन घरांच्या मुली एका न केलेल्या तपासणीपायी रडतात. माझी संस्थेला, जमातीच्या पंचांना आणि मशिदीच्या विश्वस्तांना नम्र विनंती आहे. असे प्रकरण आपल्यासमोर आले तर पहिला प्रश्न एवढाच विचारा, ‘मियाँ, तुमचा रिपोर्ट कोठे आहे?’

शेवटी, सर्व उपाय करूनही ज्यांना मूल होत नाही त्यांच्याविषयी. त्यांचा संसार अपुरा नाही. अनाथाला सांभाळण्याचे पुण्य आपल्या धर्मात किती मोठे आहे हे मी सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले की, बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येते. ज्यांना शरीअतप्रमाणे मुलाचे मूळ नाव कायम ठेवून पालनपोषण करावयाचे आहे, त्यांनी तशा मार्गाविषयी आलिमांचा आणि वकिलांचा सल्ला घ्यावा.

पालकहो, माझे मागणे फार थोडे आहे. मुलाचे लग्न ठरवताना मुलीच्या घरी जशी चौकशी करता तशी मुलाच्या तंबाखूची, गुटख्याची आणि इंजेक्शनांचीही करा. सून आल्यावर वर्षभर तिला काही विचारू नका. वर्षानंतर विचारायचेच असेल तर मुलाला विचारा. आणि माझ्यासारखी एखादी चिठ्ठी कोणाच्या खिशात घडी घालून पडली असेल, तर ती उद्याच बाहेर काढा. सोमवारपासून शाळा सुटल्यावर मी अर्धा तास शिक्षकखोलीत थांबेन. कोणाला सोबत हवी असेल तर नाशिकपर्यंत मी बरोबर येईन. नाव विचारणार नाही आणि कोणाला सांगणारही नाही.